मोठी अक्षरं माझी, बारीक तुझी

पेपर अजून येतो. बंद कर म्हणून सांगायचं मला सुचलं नाही. सकाळी ओटीवर पडतो, मी उचलतो, मोठी अक्षरं वाचतो आणि तुझ्या जागेवर ठेवून देतो, खांबाशी, जिथे तू पाय पसरून बसायचीस. आता तिथे ढीग झालाय. बारीक अक्षरं सगळी तशीच पडून आहेत.

आपली वाटणीच होती ती. मी चौथीत शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. गावांच्या पाट्या वाचता आल्या की ड्रायव्हरचं भागतं, म्हणून मोठी अक्षरं तेवढी मला जमायची. तू रेवदंड्याची, सातवी पास, वर मास्तरांच्या घरात भांडी घासता घासता त्यांची पुस्तकं वाचलेली. लग्न होऊन आलीस तेव्हा माझी आय म्हणाली होती, "सून वाचते. आता घरात भात करपनार." भात कधी करपला नाही. मी मोठ्यानं मथळा वाचायचो आणि तू चष्मा लावून खालचं सगळं वाचून सांगायचीस. कितीदा तरी मथळा एक सांगायचा आणि खालून तू दुसरंच काढायचीस. मग मला राग यायचा. पेपरवर नाही, तुझ्यावर.

ललिता म्हणाली, "बाबा, आयचा फोटो देऊ पेपरात, श्रद्धांजली म्हणून." मी म्हटलं, पेपरात नको. का नको, ते तिला सांगितलं नाही. तुला सांगतो. तिची शाळेतली एक वही कोरी निघाली, तिच्यात लिहितोय. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. ललिता नंतर वेलांट्या बघेल. पण मजकुराला हात लावायचा नाही, असं तिला बजावलंय.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली. तीन महिने तू समोर होतीस आणि मी सांगितलं नाही.

कार्तिकातली गोष्ट आठव. भात झोडून झालं होतं. खाडीच्या बांधावर चार माणसं आली, डोक्यावर टोप्या, हातात ती मोजायची तिपाई. पाणी सोडायच्या उघाडीपासून थेट तुझ्या भाताच्या पट्टीपर्यंत लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकत गेली. मी दत्तूच्या टपरीवर बसून बघत होतो. उठून जाऊन विचारावं, कशाच्या खुंट्या बाबांनो, एवढं काही माझ्याकडून झालं नाही. चहा गरम होता.

दोन दिवसांनी एक माणूस मोटारसायकलवरून आला. गळ्यात कॅमेरा. टपरीवर माझ्याशिवाय पाच जण बसलेले, पण त्यानं मलाच हेरलं, पांढरे केस बघून. मला चहा पाजला आणि विचारलं, "काका, या खुंट्या कसल्या?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. पण त्यानं वही काढली होती, पेनाचं टोपण दातात धरलं होतं, आणि मी बोलेन ते तो लिहून घेणार होता. उभ्या जन्मात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "विमानाच्या. दुसरं काय? तिकडं विमानतळ झालंय. एका पट्टीवर त्यांचं भागतंय थोडंच. लांब, सरळ, सपाट जागा खारेपाटाशिवाय हाय कुठं?"

"नक्की?"

"चाळीस वर्सं ट्रक चालवला. खुंट्या बघून रस्ता सांगतो मी."

दत्तू पण म्हणाला, "काकांना ठावं असतं सगलं." झालं. त्यानं लिहिलं, बांधाचा फोटो काढला आणि निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात मथळा आला. एवढी मोठी अक्षरं की मी चष्म्याशिवाय आणि न अडखळता वाचली. विमानतळाची नवी धावपट्टी खारेपाटातून. मी ओटीवरून ओरडलो, "अगो, बाहेर ये." तू पिठाच्या हातानं आलीस. हात पुसलेस, चष्मा लावलास, ती एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आणि वाचायला लागलीस, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. शेवटी थांबलीस आणि मोठ्यानं वाचलंस, "असे एका जाणकार ग्रामस्थाने सांगितले."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. "कोन हा जानकार?"

मी बशी तोंडाला लावली. "असंल कोनतरी."

"हापिसातला कोन नाय, सायब कोन नाय. एक फोटो नि एक जानकार. याला काय बातमी म्हनतात?" पेपर घडी करून ठेवलास आणि भाकऱ्या थापायला गेलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

तो मी होतो. लिहिलं एकदाचं. तोंडानं बोलायचं होतं, ते कागदावर लिहितोय. जिच्याशी बोलायचं ती नाही आणि जी आहे ती ललिता, तिला अजून वाचायला दिलेलं नाही.

त्यानंतर गाव कसं झालं ते तू बघितलंसच. बाहेरच्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या. जमीन बघणारी, काळ्या चष्म्यांची माणसं उतरून बांधावर उभी राहायची. दत्तूनं टपरीचा गळका पत्रा बदलायचा थांबवला. म्हणाला, कशाला खर्च, विमान येनार. कोणी म्हशीचा गोठा अर्धाच ठेवला. आणि जो तो मला विचारायला यायचा. पट्टी कुठून वळेल? देऊळ वाचेल का? मी सांगायचो. रोज नवीन काहीतरी सांगायचो. एकदा तर काठीनं मातीत नकाशा काढून दाखवला. लोकांना खरं वाटलं, आणि खरं सांगू, पंधरा दिवसांनी मला पण खरं वाटायला लागलं. पेपरात आलं होतं ना. माझंच बोलणं मोठ्या अक्षरात छापून आलं आणि मी ते वाचून त्याच्यावर विश्वास ठेवला. असा गाढव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला उधाण आलं आणि तुझ्या पट्टीसमोर बांधाला खांड पडली. आधी खेकड्याचं बीळ होतं, अंगठा जाईल एवढं. भरतीचं पाणी त्यातून आत आलं आणि ओहोटीला माती घेऊन गेलं. सकाळी हातभर रुंद झालं. तू बघून आलीस आणि म्हणालीस, "हाक मारा. अष्टमीला भांग हाय, पानी वर चढनार नाय. दोन दिसांचं काम."

हाक मारायचा मान आपल्या घराचा. माझ्या आज्यापासूनचा. बांध फुटला की आपल्या घरातल्या माणसानं दारोदार जाऊन ओरडायचं, बांधावर चला, आणि घरटी एक माणूस यायचं. मी हाक मारायचो आणि दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन बंदरावर निघून जायचो. आपल्या घरातून बांधावर तू जायचीस. तरणी होतीस तेव्हापासून. हाक माझी, पाय तुझे. मी कधी विचार केला नाही याचा. हाक मारली की आपलं काम झालं, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी म्हटलं, "कशाला हाक? सिमेंटच्या पट्टीखाली जानार ती जमीन. उगाच लोकांना चिखलात कशाला उतरवायचं?"

"पट्टी येनार कशावरून?"

"पेपरात आलंय."

तेव्हा तू म्हणालीस, "पेपरात ललिता पन नापास झाली होती."

ते तू बोलायला नको होतंस. नाही, बरं केलंस बोललीस. तेव्हा दहावीचे नंबर पेपरात यायचे. मी पेपरात बोट फिरवून फिरवून बघितलं, ललिताचा नंबर नव्हता. मी पोरीला नाही नाही ते बोललो, ती मागच्या दारी जाऊन रडत बसली. तू पदर खोचलास आणि चार मैल चालत शाळेत गेलीस. संध्याकाळी आलीस ती हसत. पोरगी पास होती, छापणाऱ्यानं एक ओळच गाळली होती. मी त्यानंतर ललिताला चुकलो म्हणालो नाही. पेढे आणले. तू त्या वेळी म्हणाली होतीस, "पेढ्यानं तोंड गोड व्हतं, बोललेलं मागं येत नाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढी वर्षं मनात ठेवलंस आणि बांधापाशी काढलंस.

मी चिडलो. म्हटलं, "तुला लई कलतं तर जा तूच."

आणि तू गेलीस.

अकरा दिवस गेलीस. ओहोटीची वेळ बघून निघायचीस, डोक्यावर टोपली, टोपलीत पेंढा. मी टपरीवरून बघायचो. एवढासा ठिपका बांधावर वाकायचा, उभा राहायचा, वाकायचा. दत्तू विचारायचा, "काकी काय करतात वो तितं?" मी म्हणायचो, "म्हातारीला करमत नाय घरात." लोक हसायचे. मी पण हसायचो. परतताना टपरीवरून जायचीस, गुडघ्यापर्यंत चिखल, कोणाकडे न बघता. एकटीनं खांड बुजत नसते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. चिखल पुढे सरकवायला माणसं लागतात आणि तोंडाशी पायानं दाबायला एक लागतो. तू टाकायचीस आणि भरती घेऊन जायची. तरी जायचीस. मी एकदा उठून आलो असतो तर मागून दत्तू आला असता, दत्तूच्या मागून टपरीवरचे पाच जण. मी उठलो नाही. उठलो असतो तर माझी धावपट्टी खोटी पडली असती.

पौषाच्या अमावास्येला पाणी आत शिरलं ते थेट आपल्या तळ्यापर्यंत. खांडीजवळची तुझी पट्टी पाण्याखाली गेली. तळ्यात जिताडा मासा होता, दीड वर्षाचा, जावयासाठी राखलेला. शिमग्याला जावई आला की काढायचा म्हणून तू त्याला बारकी कोळंबी घालायचीस आणि म्हणायचीस, जावयापरास हाच जास्त लाडका. तो गेला खाडीत. तू तळ्याच्या काठावर उभी राहिलीस, हातात कोळंबीची वाटी तशीच. मला वाटलं आता बोलेल. आता ऐकवेल. मी ऐकून घ्यायला तयार होतो. तू वाटी पालथी केलीस पाण्यात आणि म्हणालीस, "गेला तर गेला. बाहेर त्याला मोप जागा हाय." घरात गेलीस आणि वालाच्या शेंगा सोलायला घेतल्यास.

भांडली असतीस तर बरं झालं असतं.

माघात तू गेलीस. दुपारी. सुपात तांदूळ घेऊन बसली होतीस ओटीवर, मी पलीकडे मथळा वाचत होतो. वाचला आणि थांबलो, तू खालचं सांगशील म्हणून. सांगितलं नाहीस. सूप मांडीवरच होतं, एक दाणा सांडला नव्हता. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, कळलं पण नसेल त्यांना. मला कळलं की नाही ते त्यानं विचारलं नाही.

लोक म्हणाले, भाग्याची, सौभाग्यवती गेली. हिरवं लुगडं, मळवट, सगळं केलं. शेजारची पारू, तुला आत्या म्हणणारी, रडत होती, तुझ्या माहेरची असल्यासारखी. मी रडलो नाही. मला आठवत होतं की त्या चिखलात तू अकरा दिवस उभी होतीस. डॉक्टरला मी विचारलं, चिखलात काम केल्यानं होतं का? तो म्हणाला, तसं काही सांगता येत नाही. बरा माणूस. माहीत नव्हतं ते नाही म्हणाला.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या झाडावर चार-पाच, पण एक खाली उतरेना. भटजी म्हणाला, काहीतरी इच्छा राहिली असेल, बोला. ललिता म्हणाली, "आय, बाबांना मी संभालीन." कावळा नाही. जावई म्हणाला, घर पडू देणार नाही. कावळा नाही. पारू म्हणाली, तुझ्या तुळशीला मी पाणी घालीन. ऊन चढलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय बोलायचं. बांध बांधतो, एवढं बोलायचं होतं. पण बांध बांधतो म्हटलं की धावपट्टी नाही, हे म्हणावं लागणार, आणि ते म्हटलं की जाणकार कोण, ते पण सांगावं लागणार. दत्तू समोर उभा होता. टपरीवरचे पाचही होते. मी गप्प राहिलो. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. सगळे आंघोळीला गेले. गवताच्या कावळ्यावर तुला निरोप दिला मी. हे मी विसरणार नाही, आणि तू पण विसरू नकोस.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. ललिता आठ दिवस राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, चला आमच्याकडं." मी म्हटलं, बघू. ती गेली आणि घरात आवाजच उरला नाही. आपलं बोलणं काही फार नव्हतं, पण "अगो" म्हटलं की आतून "काय" यायचं. दिवसातून पन्नासदा. त्यातल्या निम्म्या हाका मी कामासाठी मारतच नव्हतो, हे आता कळतं. आता मी "अगो" म्हणत नाही. तोंडाशी येतं आणि गिळतो. दिवसभरात एखाद दुसरा शब्द बोललो तर तो मांजराला, आणि मांजर पण पारूचं.

असाच एक दिवस. पेपर आला, मथळा वाचला, कसल्यातरी निवडणुकीचा. काय वाटलं कोणास ठाऊक, कोनाड्यातला तुझा चष्मा काढला. कायम म्हणायचो ना, मला नाही लागत चष्मा. लावला. दांडीचा दोरा कानाला टोचला. आणि आतल्या पानावरची बारीक अक्षरं एकदम उठून बसली. मग मी वाचत गेलो, बोट फिरवत, तुझ्यासारखा. प्लॉटच्या जाहिरातीखाली एक चौकोन होता, चार ओळींचा. वर लिहिलं होतं, खुलासा.

अर्धा तास लागला मला त्या चार ओळींना. आमच्या अंकात अमुक बातमी आली होती, तसा कोणताही प्रस्ताव या भागात नाही. सदर खुंट्या खारबंदिस्तीच्या दुरुस्तीच्या मोजणीसाठी लावल्या होत्या. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

बांधाच्या खुंट्या होत्या गो. बांध नीट करायला आलेली माणसं होती ती. मी टपरीवरून उठून दहा पावलं गेलो असतो तर त्यांनीच सांगितलं असतं. बांध बांधायच्या खुंट्या बघून मी गावाला बांध सोडायला लावला.

पेपर घेऊन मी ओटीवर आलो आणि तोंड उघडलं. वाचून दाखवायला कोणी नव्हतं. पहिल्यांदा मी बारीक वाचलं होतं आणि ऐकायला तू नव्हतीस. मांजर होतं. मांजराला वाचून दाखवलं, सगळ्या चार ओळी. मग दार लावून बसलो. रडलो म्हण.

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो. पेपर पुढे टाकला. दत्तूनं बघितला, पाचांनी बघितला. दत्तू म्हणाला, "काका, एवढीशी बातमी. खरी असती तर मोठी नसती का छापली?" बाकीच्यांनी माना हलवल्या. एक म्हणाला, "दाबतात वो अशी बातमी. जमीन स्वस्तात घ्यायची असंल." मी त्यांना काय बोलणार? हे सगळं मीच शिकवलं होतं त्यांना. मोठं ते खरं.

मग मी मोठं लिहायचं ठरवलं.

आपल्या घराची रस्त्याकडची भिंत तू दिवाळीला निळी केली होतीस. दोन हात दिले होतेस, एक हात पातळ झाला म्हणून. तिच्यावर मी चुना फासला, रागावू नकोस. बादलीत चुना कालवला, झाडू बुडवला आणि हातभर उंचीची अक्षरं काढली. ट्रकच्या मागे लिहितात तशी. दुपारपर्यंत लागलं. धावपट्टी येत नाय. खुंट्या बांधाच्या हाईत. पेपरातला जाणकार मी. चुकलो. अष्टमीला बांधावर चला. खाली माझं नाव, बापाच्या नावासकट.

चुकलो लिहिताना हात थांबला होता. पेढे लिहिता येत नाहीत भिंतीवर.

गाव गोळा झालं. दत्तू म्हणाला, "आता कंचं खरं धरायचं काका? पेपरातला जानकार का भिंतीवरचा?"

मी म्हटलं, "पेपरात माझं नाव नव्हतं. भिंतीवर हाय."

एकजण म्हणाला, "म्हंजे विमान न्हाय?"

"विमान हाय. वरून जातंय. खाली तुझा भात हाय, तो बग."

कोणी हसलं, कोणी शिवी दिली. शिवी बरोबर होती, मी घेतली. दत्तू टपरीकडे निघून गेला. त्याचा पत्रा गळतोय अजून, त्याला सगळ्यांत जास्त राग यायला हवा होता.

सप्तमीच्या संध्याकाळी मी हाक मारायला निघालो. एवढ्या वर्षांत घसा बसलाय, पण निघालो. एकेका दारापुढे उभा राहून ओरडलो, "बांधावर चला." कोणी आतून हो म्हणालं, कोणी दिवा लावत होतं ते लावत राहिलं. सगळ्यात शेवटी आपलं घर, ती रीतच आहे, हाक मारणाऱ्यानं आपलं दार शेवटी घ्यायचं. सवयीनं उभा राहिलो अंगणात आणि ओरडलो, "बांधावर चला." तू आतून "आले" म्हणायचीस. दर वेळी. भाकरी तव्यावर असली तरी.

उभा राहिलो. बराच वेळ. पारूच्या घरातून कोणीतरी डोकावून बघितलं.

मग मीच म्हटलं, "आलो."

अष्टमीला सकाळी ओहोटी लागली तशी मी तुझी टोपली घेतली आणि गेलो. खांड आता दोन पुरुष रुंद झालेली. काठावर पाणी तपकिरी, आत तुझी पट्टी पांढरी, मीठ फुललेलं. ते धुवायला दोन पावसाळे लागतील. मला दोन मिळतील का, ते काही सांगता येत नाही. पण बांध नसेल तर दहा पावसाळ्यांनी पण धुतलं जाणार नाही.

थोडी माणसं आली होती. गाव अर्धं पण नव्हतं. हाक ऐकून आली की भिंत वाचून, की तुझ्यासाठी, ते विचारलं नाही. बायका जास्त होत्या. दत्तू सगळ्यांच्या नंतर आला, टपरी बंद करून, आणि खांडीच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहिला. माझ्याशी बोलला नाही. रांग लागली. मला कुठे उभं राहायचं तेच कळेना. मी हाक मारणारा, रांगेत कधी उभाच राहिलो नव्हतो. प्रत्येक घराची जागा ठरलेली असते हे सुद्धा मला तिथे कळलं. टोपली धरून मी मधेच उभा होतो, लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा.

पारूनं हात धरला आणि ओढलं. "हितं. तोंडापासून तिसरी. आत्याची जागा."

मी उभा राहिलो. खाली बघितलं तर चिखल तिथे दाबून दाबून घट्ट झालेला, दोन पावलांपुरता.

पारू गोळा उचलायला वाकली आणि वाकलेलीच म्हणाली, "आत्या सांगून गेली होती मला. म्हनाली, आमचा जानकार येल एक दिस बांधावर. आला की त्याला माजी जागा दाव. त्याला ठावं नसंल."

"म्हंजे तिला..."

"पेपर आला त्याच दिसापासनं," पारू म्हणाली. "तुमी बशीनं चहा प्याला म्हनं तवा. एरवी कपानं पिता."

तुला माहीत होतं. भाकऱ्या थापताना, अकरा दिवस चिखलात, कोळंबीची वाटी पालथी करताना, तुला माहीत होतं. आणि मला वाटत होतं की मी लपवतोय. तू वाट बघत होतीस. मी सांगेन म्हणून नाही, मी येईन म्हणून.

वरून एक विमान गेलं, खूप उंचावरून, त्याचं त्याचं. कोणी मान वर केली नाही.

पारूनं पहिला गोळा माझ्या हातात ठेवला. ओला, गार, दोन्ही हातांनी पोटाशी धरावा लागला. माझा तोल गेला, दत्तूनं मागून कोपर धरलं. तो म्हणाला, "काय काका, काकी असे दोनदोनशे सरकवायच्या दिसाला. एवढा जड असतो ठावं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाय. मला ठावं नव्हतं."